पहिलं कुणी उभं राहायचं

माझ्या रोगाचं नाव घेताना आमच्या गल्लीत आवाज आपोआप खाली जातो. महारोग. दवाखान्याच्या भिंतीवरच्या चित्रात त्याला कुष्ठरोग म्हणतात, आमच्या थोरल्या जाऊबाई त्याला नुसतं ‘ते’ म्हणतात, आणि मी स्वतः पुष्कळ काळ त्याला ‘बोटाचं दुखणं’ म्हणत होते. वास्तविक बोट दुखत नव्हतं. दुखत नव्हतं हाच तर रोग होता. पण लाजलेल्या माणसाला खोटं बोलतानासुद्धा ते धड बोलायचं भान राहत नाही.

आता मी बरी आहे. उजव्या हाताची करंगळी वाकडी राहिली, बाकीची मी सरळ आहे. ह्यावर घरात एकमत नाही. भाचरं-पुतणी जमली की ‘करंगळीची गोष्ट सांग’ म्हणतात आणि मी तिखटमीठ लावून सांगते. सांगताना हसते. लिहायला बसले की हसू तेवढं येत नाही, कारण समोर पोरं नसतात, आपण एकटेच असतो. तरी लिहिते आहे. कुठल्या तरी दवाखान्याच्या अंगणात कुणी बाई औषधाच्या खिडकीकडे पाठ करून उभी असेल आणि तिला वाटत असेल, असं उभं राहणारी जगात मीच. बाई, तू एकटी नाहीस. आम्ही अख्खं अंगण भरून होतो.

*

आम्ही कासार. नागपुरात इतवारीत आमचं बांगड्यांचं लहानसं दुकान होतं. दुकानात हे बसायचे आणि मी पेटी घेऊन घरोघर जायची. ह्यांना बोलायचा भारी कंटाळा. बाई म्हणायची हिरव्या दाखवा, हे हिरव्या दाखवायचे. बाई म्हणायची महाग सांगता, हे हिरव्या परत ठेवायचे. तोंडातून अक्षर नाही. अशानं दुकान चालत नसतं, म्हणून घर चालायचं ते माझ्या हातावर.

हातावर म्हणजे खरोखरच हातावर. बांगडी भरणं हे डोळ्यांचं काम नाही. बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, अंगठ्याचं मूळ दाबून पंजा चिंचोळा करायचा, आणि तिनं ‘दुखते वं’ म्हणायच्या आत बांगडी मनगटावर गेली पाहिजे. मी हे करताना हाताकडे बघतसुद्धा नसे. मला त्याचा फार गर्व होता. गर्व करायला कासारणीजवळ दुसरं असतं काय?

रामदासपेठेत एका डॉक्टरांच्या घरी मी सणासुदीला जायची. डॉक्टरीणबाईंचा हात कडक, पण स्वभाव मऊ. त्या दिवशी त्यांना बांगड्या भरता भरता मी आमच्या जाऊबाईंची नक्कल करून दाखवत होते. त्या हसत होत्या. एकदम हसायच्या थांबल्या.

“अहो, तुमच्या बोटातून रक्त येतंय.”

एक बांगडी तडकली होती. काच माझ्या करंगळीत चांगली आत शिरली होती, त्यांच्या पांढऱ्या साडीवर ठिपके पडले होते, आणि मी नक्कल करत होते.

“दुखत नाही?”

“कासारणीच्या बोटाले सवय असते बाई,” मी म्हटलं. वर हसलेसुद्धा.

त्यांनी डॉक्टरांना आतून बोलावलं. डॉक्टरांनी माझा हात उलटसुलट पाहिला. कोपराजवळ एक फिकट चट्टा होता, तो मी शिबं म्हणून सोडून दिला होता. तोही त्यांनी पाहिला. मग म्हणाले, “डोळे मिटा. कापूस लागला की सांगा.”

मी डोळे मिटून बसले. बराच वेळ गेला. मला वाटलं, घरात कापूस सापडत नसेल. शेवटी डोळे उघडले, तर डॉक्टर माझ्या करंगळीवरून कापूस फिरवतच होते.

त्यांनी नाव सांगितलं. मग माझं तोंड बघून घाईघाईनं पुढचं सांगितलं. “तुमचा प्रकार पसरणारा नाही. कोणाचा हात हातात घेतलात म्हणून त्याला काही होणार नाही, धंदा खुशाल करा. पण गोळ्या सोडायच्या नाहीत. गोळ्या चालू राहिल्या तर हात राहील. मध्येच थांबल्या तर एकेक बोट वाकत जाईल. बाजारात शोधत बसू नका, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तुमच्या इतवारीतही मिळतील.”

डॉक्टरीणबाईंनी आपला दुसरा हात माझ्यापुढे केला. “हा राहिला की हो.”

त्या माउलीनं केवढी गोष्ट केली हे मला नंतर कळलं. तेव्हा मी म्हटलं, “हिरव्या सरल्या बाई,” आणि पेटीचं झाकण लावलं. पेटीत हिरव्या गच्च भरल्या होत्या. त्यांना दिसतही होत्या. एक हात भरून दुसरा तसाच टाकून कासारीण पळाली, असं आमच्या जातीत आजवर झालं नसेल.

*

इतवारीतला दवाखाना म्हणजे आमच्या गल्लीच्या पाठीमागेच. आमच्या मोरीचं पाणी त्याच्या अंगणाकडे वाहायचं, इतका जवळ. पण त्या अंगणात रोज आमची सगळी गल्ली खोकल्याचं औषध घ्यायला उभी असायची. ‘त्या’ गोळ्यांची खिडकी वेगळी होती, आणि तिथं कोण जातं हे मला चांगलं ठाऊक होतं. कारण इतकी वर्षं मीच जाऊबाईंबरोबर आमच्या ओट्यावर बसून बघत आले होते.

म्हणून मी काय केलं, तर गोळ्या घ्यायला छोट्या लाईनच्या, अरुंद रुळांवरच्या गाडीनं भिवापूरच्याही पलीकडे जाऊ लागले. तिकडच्या एका गावी बाजार भरायचा, मी तिथं पूर्वीपासून बांगड्या विकायला जायची, आणि बाजारतळाला लागूनच आरोग्यकेंद्र होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही; तिथली माणसं अजून आहेत. घरामागचं औषध सोडून मी धूर खात, कोळशाचे कण डोळ्यांत घेत, पेटी मांडीवर धरून दिवसभराचा प्रवास करायची. घरी सांगायची, “तिकडं धंदा बरा होते.”

हे म्हणायचे, “हं.”

*

त्या केंद्रावर आमच्या गोळ्यांची खिडकी दुपारी उघडायची, बाकीचे रोगी निघून गेल्यावर. आम्हाला लाज वाटू नये म्हणून कुणा भल्या माणसानं ही वेगळी वेळ ठेवली होती. त्यामुळे झालं असं, की त्या वेळेला अंगणात जो दिसेल तो त्याच रोगाचा, हे अख्ख्या बाजाराला पाठ झालं.

म्हणून अंगणात जो तो दुसऱ्याच कामासाठी आलेला असायचा. एक जण बकरी घेऊन यायचा आणि तिचे खूर तपासत बसायचा. एक आजोबा भिंतीवरचं कुटुंबनियोजनाचं चित्र वाचत उभे असायचे. वय सत्तरीच्या पुढे, पण वाचन फार मन लावून. एक तरणी सून हापशीवर पाण्याची गुंडी भरायची, भरली की ओतून द्यायची आणि पुन्हा भरायची. आणि फाटकाजवळ सतरंजी पसरून कोण? तर नागपूरची कासारीण, बांगड्या विकत.

खिडकी उघडली. कंपाउंडरनं तोंड बाहेर काढलं.

“हाये का कोनी? गोळ्यावाले!”

बकरीवाल्यानं खूर घट्ट धरला. आजोबा चित्राच्या आणखी जवळ सरकले. मी बांगड्यांची एक माळ उचलून उन्हात धरली, जणू रंग पारखते आहे. कंपाउंडरनं बिडी ओढून संपवली आणि खिडकी लावून घेतली.

पहिल्या खेपेला मी अशी हात हलवत परत आले. बाकीचेही सगळे रिकामेच गेले. एकानंही दुसऱ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या बाजारी गयाबाई होती. उंच, काळीसावळी, चालताना पायाखालची जमीन आपलीच असल्यासारखी. मिरचीच्या खळ्यावर देठ खुडायच्या कामाला जायची, त्यानं बोटं लालभडक झालेली. ती अंगणात आली ती थेट खिडकीशी गेली आणि फळीवर थाप मारली.

“काय गा भाऊ, उघडतं का मीच उघडू?”

खिडकी उघडली, गयाबाई पुढे उभी राहिली, आणि एक म्हैस नदीत उतरली की बाकीच्या जशा उतरतात तसं सगळं अंगण तिच्यामागे लागलं. बकरीवाला, आजोबा, गुंडीवाली. मीही गेले. गोळ्या पदरात बांधून गयाबाई वळली आणि तिनं मला करंगळीवरच्या न भरलेल्या जखमेसकट न्याहाळलं.

“काहून वं कासारीणबाई, तुमी त बांगड्या इकाले आल्या ना?”

“बहिणीसाठी घेऊन राहिली गोळ्या,” मी म्हटलं.

“कोनती बहीन?”

“धाकटी.”

“मंग तिची करंगळी तुमाले काहून लावली?”

रांग हसली. खरं सांगते, त्या रोगात मी पहिल्यांदा हसणारी माणसं तिथं पाहिली. माझ्यावर हसत होती, हे वेगळं.

*

मग काही काळ बरा गेला. गोळ्या मी पेटीत बांगड्यांखालच्या कापसात ठेवायची आणि सकाळी चूळ भरताना घ्यायची. केंद्रावरचा तपासनीस अधूनमधून मोराचं पीस घेऊन यायचा आणि डोळे मिटायला लावायचा. मी आधीच ठरवून ठेवायची की कुठंतरी ‘लागलं’ म्हणायचं. तो म्हणायचा, “बाई, अजून टेकवलंच नाई.” परीक्षेत लबाडी करायचा माझा स्वभाव शाळेपासूनचा.

आणि एके दिवशी चहाचा पेला उचलताना करंगळीला चटका बसला. चांगला झणझणीत. मी पेला खाली ठेवला, पुन्हा बोट लावलं. पुन्हा चटका. मला रडू आणि हसू बरोबरच आलं.

जाऊबाई चुलीपुढून म्हणाल्या, “भाजलं त हासून काहून राहिली वं?”

ज्याचं बोट हरवून परत आलं त्यालाच ते कळतं.

*

मिरचीचा पुढचा हंगाम सुरू झाला आणि गयाबाई यायची थांबली.

आम्ही सगळे नेमानं जमलो. खिडकी उघडली. “गोळ्यावाले!” मी बकरीवाल्याकडे बघितलं, बकरीवाल्यानं आजोबांकडे, आजोबांनी चित्राकडे. बकरी तेवढी खिडकीपर्यंत जाऊन आली. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेला मी मनाशी ठरवून गेले होते की आज उठायचं. उठलेही. तेवढ्यात बाजारातल्या दोन बाया फाटकातून डोकावल्या आणि म्हणाल्या, “कासारीणबाई, लाल हायेत का?” मी खाली बसले. लाल दाखवल्या.

त्यानंतर एका बाजारी खिडकी उघडली आणि कंपाउंडर आपणहूनच बोलला. कोणाला उद्देशून नाही, हवेतच.

“गोळ्या नाईत. जेवढे लोक येते तेवढंच मी वर कळवतो, तेवढाच माल खाली येते. कोनी आलंच नाई त काय कळवू? साहेब त खूश हाये. म्हने, तुमच्या भागातून रोग हटला!”

रोग अंगणात उभा होता. बकरीचे खूर धरून, गुंडी भरून, बांगड्या मांडून. ऐकत होता.

घरी आले तेव्हा कापसातल्या गोळ्या संपत आल्या होत्या. मग संपल्या. एका सकाळी चहाच्या पेल्याला बोट लावलं, तर काही नाही. दाबून धरलं, तरी काही नाही. फोड आला तो डोळ्यांना दिसला, बोटाला नाही. आणि बांगडी भरताना करंगळी मागे मागे राहू लागली, घाबरलेल्या पोरासारखी तळहाताला चिकटून. मला डॉक्टरांचा शब्द आठवायचा: एकेक बोट.

*

मी गयाबाईचं घर शोधत गेले. गावाच्या कडेला बौद्धांची वस्ती. तिथं कुणीही सांगितलं असतं. मला वाटलं होतं ती खळ्यावर असेल, संध्याकाळपर्यंत वाट बघावी लागेल. ती घरीच होती. अंगण सारवत होती.

“मिरची सुरू झाली, मले वाटलं तुमी कामावर असान,” मी म्हटलं.

“कोनतं काम?” ती म्हणाली. “काम त गेलं वं बाई. खळ्याच्या मालकिणीनं मले लाईनीत पायलं. म्हने, मिरची लोकायच्या तोंडात जाते, तू येऊ नको.”

“पन लाईनीत त आमी सगळेच होतो.”

“मांगचे कोनाले दिसते?” गयाबाईनं शेणाचा हात तसाच वर धरला. “पयलं मानूस दिसते. तुमी समदे माह्या पाठीमांगं उभे होते. तुमाले बरी सावली भेटली.”

मी पायरीवर बसले. तिनं हात धुतले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. आणि इथं मी जे लिहिते आहे ते भाचरांना सांगताना गाळते: माझा हात तांब्यापाशी जाऊन अडला. जातीमुळे अडला की रोगामुळे, मलाच कळलं नाही. एकाच खिडकीच्या आम्ही दोघी, आणि मी अजून शिवाशिव बघत होते.

गयाबाईनं ते पाहिलं. रागावली नाही. म्हणाली, “प्या वं. तुमाले जे होयाचं होतं ते होऊन गेलं हाये.”

मी प्यायले. सगळा तांब्या प्यायले, तहान नसताना.

मग मी कशाला आले होते ते सांगितलं. गोळ्या आटल्या, माझं बोट चाललं, तुमचंही जाईल, तुम्ही पुन्हा आलात तर लोक मागे उभे राहतील, कंपाउंडर वर कळवेल. बोलता बोलता माझा आवाज बारीक होत गेला. कारण मी मागत काय होते, तर तिनं अजून एकदा पुढे उभं राहावं आणि मला सावली द्यावी.

“मी येतो ना,” ती म्हणाली. “मले बी गोळ्या पायजेच. पन पयली काहून मीच? तुमच्या पायाले काय झालं? रोग त हाताले हाये.”

*

पुढच्या बाजारी मी सतरंजी पसरली नाही. पेटी डोक्यावरून उतरवून हातात धरली आणि अंगणात उभी राहिले. अंगण नेहमीसारखं कामात होतं. खिडकी उघडली.

कंपाउंडर ओरडायच्या आतच मी चालू लागले. वीतभर अंगण, पण फाटकातून, भिंतीवरून, बाजारातल्या प्रत्येक पालाखालून लोक बघताहेत असं वाटत होतं. नंतर कळलं की खरंच बघत होते.

“काय पायजे कासारीणबाई? बांगड्या इकडं कोनी इकत नाई घेत,” तो हसून म्हणाला.

“गोळ्या.”

“कोनासाठी?”

धाकटी बहीण जिभेवर आली होती. तिला गिळलं. “माह्यासाठी,” मी म्हटलं. हळू म्हणायचं होतं, पण धंद्यात आरोळी द्यायची सवय. आवाज बाजारभर गेला.

बराच वेळ मागे काही हललं नाही. मग पदराला ओढ बसली. बघते तर बकरी पदर चघळत होती, आणि तिच्या दोरीच्या टोकाला बकरीवाला उभा होता. त्याच्यामागे आजोबा. त्यांच्यामागे गुंडीवाली, गुंडी रिकामी. आणि अगदी शेवटी गयाबाई, कंबरेवर हात ठेवून मजेत.

“आज मी कोनाले दिसत नाई,” ती तिथूनच म्हणाली.

त्या दिवशी गोळ्या नव्हत्याच. आम्ही उभे राहिलो ते फक्त आम्ही आहोत एवढं दाखवायला. कंपाउंडरनं प्रत्येकाला नाव विचारलं आणि म्हणाला, “असेच या बाप्पा, मंग मी वर भांडतो.” आणि तो भांडला असावा, कारण पुढच्या बाजारापासून गोळ्या पुन्हा येऊ लागल्या.

मी मात्र त्या पुढच्या बाजाराला शेवटचीच गेले. रांगेतून निघून सतरंजी पसरली, आणि संध्याकाळपर्यंत एकाही बाईनं हात पुढे केला नाही. ‘आज नको’ म्हणायच्या. काही जणी तर लांबूनच पदराखाली हात घेऊन जायच्या. ज्या हातांना मी न बघता ओळखायची, ते असे झाकलेले पाहिले. डॉक्टरांचं वाक्य मी कुणाकुणाला सांगणार, की माझा प्रकार पसरणारा नाही?

*

इतवारीतला एक मिरचीचा आडत्या त्या दिवशी बाजारात आला होता. मी छोट्या लाईननं निघाले, तो मोटारीनं. छोटी लाईन अशी, की वाटेत उतरून बोरं वेचावीत आणि पुन्हा चढावं. घरी पोचले तेव्हा बातमी हातपाय धुऊन बसली होती.

जाऊबाईंनी माझं ताट, पेला, तांब्या वेगळ्या कोनाड्यात मांडला होता. “माह्या मनात काही नाई वं,” त्या म्हणाल्या, “पन लेकरंबाळं हायेत घरात.” मला त्यांचा राग येईना. त्यांच्या जागी मी असते तर कोनाडासुद्धा बाहेरचा शोधला असता. ओट्यावर बसून त्या खिडकीवर मी काय काय बोलले होते, त्यातला शब्द न् शब्द त्या वेळी ऐकू येत होता.

ह्यांनी एवढंच विचारलं, “कवापासून?”

मी सगळं सांगितलं. रामदासपेठ, काच, छोटी लाईन, डॉक्टर काय म्हणाले ते. हे ऐकत राहिले. मग उठले आणि माझी पेटी उचलून वरच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही अशी ठेवली. संपलं, मी म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून हे लवकर दुकानात जायचे, उशिरा यायचे, जेवायचे, निजायचे. बोलणं नाही. आता ह्या न बोलण्यात राग किती आणि सवय किती, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतरही मला वेगळं काढता आलं नाही.

आणलेल्या गोळ्या सरत आल्या. बाजाराला जायचं आता काही निमित्त उरलं नव्हतं. राहिला तो मागचा दवाखाना. एका रात्री ह्यांना वाढताना मी भिंतीकडे बघून म्हटलं, “उद्या मांगच्या दवाखान्यात ते खिडकी उघडते.”

भिंत काही बोलली नाही. हेही नाही.

*

मला वाटलं होतं, मी आता धीट झाले. एकदा भर बाजारात रोग ओरडून सांगितलेल्या बाईला कसली लाज? पण ते परक्यांचं गाव होतं. गल्लीतून बाहेर पडून दवाखान्याचं फाटक दिसलं आणि माझे पाय आपोआप फाटकाबाहेरच्या भाजीच्या ठेल्याकडे वळले. मी वांगी निवडू लागले.

अंगणात एक जण सायकलची साखळी चढवत होता. ती उतरलेलीच नव्हती. एक बाई पोरीची घातलेली वेणी सोडून पुन्हा घालत होती. मला एका नजरेत सगळे ओळखू आले. आमच्या ओट्यावर जाऊबाई आणि शेजारणी बसल्या होत्या. खिडकी उघडली.

“गोळ्यावाले, या!”

मी एक वांगं उचललं. त्यात कीड आहे का पाहिलं. नव्हती. दुसरं उचललं.

“बाई, घ्याचे नसन त दाबू नका,” ठेलेवाला म्हणाला.

तेवढ्यात कोणीतरी माझ्या पाठीमागून फाटकात शिरलं. धोतर, काळी टोपी, भर धंद्याच्या वेळी. मान न वळवता माणूस सरळ अंगण ओलांडून खिडकीशी गेला आणि पहिला उभा राहिला. ओट्यावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. साखळीवाल्याचा हात थांबला.

आतला माणूस गल्लीतल्या सगळ्यांना ओळखायचा. “अरे कासारभाऊ! तुमी? कोनाले झालं?”

गिऱ्हाइकाला ‘या’ न म्हणणारा हा माणूस. आता हिरव्या परत ठेवील आणि चालू लागेल, असं मला वाटलं.

“आमाले,” हे म्हणाले.

मी वांगी खाली ठेवली. अंगणातून कशी गेले ते आठवत नाही. ह्यांच्यामागे जाऊन उभी राहिले. ह्यांनी वळून पाहिलं नाही, नुसते जरा बाजूला सरकले.

“ये पुढं,” म्हणाले.

“आज तुमीच राहा,” मी म्हटलं. ओट्यावरून दिसू नये म्हणून मी ह्यांच्या पाठीआड अंग चोरलं, आणि तिथूनच ह्यांच्या काखेखालून हात काढून खिडकीत धरला.